उजवा कान लाकडाला

५ मार्च

मामा, नमस्कार.

बाबांचा बेस गिटार त्यांच्या कामाच्या गोदामातून घरात आणायला काय काय लागलं, ते आधी मांडते. आईचा शिवणाचा कोपरा गेला. मशीन आता दाराआड आहे आणि कोणी बेल वाजवली की सुई थांबवावी लागते. लिफ्ट बंद होती, म्हणून सात मजले तो पाठीवर आणला. तीन दिवस माझी मान एका बाजूला वळत नव्हती. आणि एकवीस वर्षांत आईच्या तोंडून पहिल्यांदा त्या वाद्याबद्दल एक वाक्य बाहेर पडलं: "वाजवणार असशील तर ठेव. नुसता भिंतीला टेकवून ठेवायचा असेल तर परत नेऊन टाक."

तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी पाच वर्षांची होते. दुकानातल्या प्रत्येक वाद्याच्या खुंट्या पिरगाळून ठेवायचे, म्हणून तुम्ही मला 'खुंटी' म्हणायचात. डिसेंबरात बाबा गेले तेव्हा तुमचं पत्र आलं, तुम्ही आला नाहीत. त्याबद्दल मी काही विचारत नाही. फोन दोनदा केला, तुम्ही उचलला नाहीत, म्हणून लिहितेय.

मी बेस वाजवते. बाबांनी शिकवलं नाही. भर प्रयोगात हा बेस उतरला त्या संध्याकाळनंतर त्यांनी हातच लावला नव्हता. मी कॉलेजात उसन्या वाद्यावर शिकले. आता नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात जागा निघाली आहे, त्याच नाट्यगृहात, आणि अठ्ठावीस एप्रिलला चाचणी आहे. बँडमास्तरही तेच आहेत. फोनवर म्हणाले, "ये की. पण वाद्य सांभाळायला शिकून ये. तुझ्या वडिलांना तेवढं जमलं नाही."

म्हणून मला बाबांचाच बेस घेऊन जायचंय.

पण तो सुरात राहत नाही. लावला की दहा मिनिटांत उतरतो. सगळ्यात बारीक तार वरच्या फ्रेटांवर नेकच्या कडेवरून घसरते आणि तिथे वाजवलं की माशी अडकल्यासारखी गुणगुणते. इथला दुरुस्तीवाला म्हणतो, नेक जिथे बॉडीला जोडलाय तो सांधाच गेलाय, ग्लू घालून कायमचा चिकटवून देतो, पुन्हा कटकट नको. देऊ का?

तुमची भाची

१४ मार्च

बाई खुंटी,

त्या ग्लूवाल्याला सांग, आधी स्वतःची जीभ टाळूला चिकटव.

स्क्रूने जोडलेला नेक हा उघडण्यासाठीच तसा जोडलेला असतो. बॉडीत एक खाच असते, नेकची टाच म्हणतात तो भाग तिच्यात बसतो आणि मागून चार स्क्रू त्याला आवळतात. बस, एवढंच. पण चार तारा मिळून एका धिप्पाड माणसाच्या वजनाइतकं ओढत असतात, दिवसरात्र, वाजवा नाहीतर ठेवून द्या. त्या ओढीला तोंड देतो तो हा सांधा. तो केसभर सरकला की तुझी तार नेकच्या कडेवर गेलीच म्हणून समज.

फोनचं म्हणशील तर मी फोनवर बोलत नाही. फोनमध्ये आवाजाचा तळ जातो आणि आपला सगळा धंदा तळाचा. तू कानाने ऐक आणि अक्षरात लिही. मी वाचून सांगेन. मी हे दुकान एका मोडक्या स्टुलावर बसून सुरू केलं, बाप सुतार नव्हता की गवई नव्हता. जे काही मिळवलं ते कानावर. आजही रस्त्यापलीकडे कोणी बेस वाजवत असला तर मी दारात उभा राहून सांगतो, सांधा घट्ट आहे की ढिला. विचार कोणालाही.

आता कर काय. तारा सुरात लाव. बेस मांडीवर पालथा घे. जाड स्क्रूड्रायव्हर घे, स्क्रूच्या डोक्यात नीट बसणारा. एकेक स्क्रू पाव फेरा ढिला कर, जास्त नाही. आणि ढिला करताना कान बॉडीच्या पाठीला लाव. मी उजवा लावतो. तो माझा कमावता कान. लाकूड जागेवर बसताना 'कुर्र' करतं, म्हातारा खुर्चीत बसतो तसं. ते चांगलं. 'कट्' असं कोरडं वाजलं तर वाईट: स्क्रूने नेकमधलं लाकूड सोडलंय. काय वाजलं ते लिही.

मग तारा उतरवून नेक काढ आणि खाचेत काय दिसतं ते सांग. लाकडाला लाकूड भिडलं पाहिजे, मध्ये काही नको. काही लोक नेकचा कोन बदलायला टाचेखाली कागदबिगद सरकवतात. माझ्या हातून आजपर्यंत कुठल्या नेकखाली कागद गेलेला नाही.

भाऊजींविषयी काय लिहू? ताईचा नवरा, मला मोठ्या भावासारखा. त्या दुपारी वाद्य माझ्याकडून ठणठणीत गेलं होतं. मधले तीन तास ते गाडीत उन्हात होतं. जुनं झालं ते. ताईला सांभाळ.

मामा

२३ मार्च

मामा, नमस्कार.

'कट्' वाजलं. दोनदा. पहिले दोन स्क्रू गप्प राहिले, ब्रिजकडच्या, म्हणजे तारा टेकतात त्या बाजूच्या, दोघांनी आवाज केला. ते दोन फिरतच राहतात. घट्ट होत नाहीत की बाहेर येत नाहीत. शेवटी चिमट्याने ओढून काढले. त्यांच्या आट्यांत लाकडाचा भुसा अडकला होता.

नेक काढला. खाचेच्या आतल्या टोकाला, ब्रिजच्या बाजूला, एक पट्टी सापडली. जाड कार्डाची, दुहेरी घडीची, बोटाच्या पेराएवढी रुंद. दाबून दाबून काचेसारखी गुळगुळीत झालेली. एका कडेला हिरवी रेघ आणि तिच्याखाली छापलेला आकडा, पुढचा भाग कापलेला, फक्त शेवटचे ४ आणि ७ उरलेत.

म्हणजे तुम्ही म्हणालात तेच. कागद.

टाच पट्टीवर टेकलेली आणि खाचेच्या तोंडाशी टेकलेली, मध्ये सगळी पोकळी. तिथून उजेड दिसतो. स्क्रूंनी इतकी वर्षं मधूनच ओढलं, म्हणून टाच वाकलीय. शेवटचे चार फ्रेट उचलल्यासारखे वर आलेत. माशी तिथेच गुणगुणत होती.

मी दोन दिवस लिहिलं नाही. मला वाटत होतं, लोक म्हणतात तसं नसेल. बाबा निष्काळजी नव्हते हो. ते टाइलच्या गोदामात एकवीस वर्षं हिशेबनीस होते, आणि मोजणीत एक टाइल कमी आली तर जेवण पुढ्यात ठेवून पुन्हा मोजायला जायचे. पण पट्टी समोर आहे. त्यांनीच घाईघाईत सरकवली असणार, तुम्हाला न विचारता. आणि मग तुमच्याशीच बोलणं सोडलं. त्यांच्या वतीने मी तुमची माफी मागते.

आईला पट्टी दाखवली. तिने ती खिडकीशी नेऊन बघितली. चष्म्याच्या डबीत ठेवून डबी बंद केली.

आता हा सांधा पुन्हा उभा राहील का? पाच आठवडे आहेत.

खुंटी

२ एप्रिल

खुंटी,

राहील. रडत बसू नकोस.

सोबत छोटं पार्सल आहे. त्यात मेपलची पाचर आहे, खाचेच्या पूर्ण लांबीची. एका टोकाला कागदाएवढी पातळ, दुसऱ्या टोकाला जाड कार्डाएवढी. जाड टोक ब्रिजकडे. कोन तोच मिळेल, पण टाच सगळीकडे टेकेल, पोकळी राहणार नाही. तिला ग्लू नको.

स्क्रू नुसते फिरतात ती नेकमधली दोन भोकं मोठी करून त्यांत सोबतच्या मेपलच्या गोल काड्या सुतारग्लूने बसव. ग्लू लागतो तो इथे. चोवीस तास थांब. मग नवी बारीक भोकं पाड. घाई करू नकोस. ड्रिलच्या पात्याला रंगीत टेप गुंडाळ, म्हणजे किती खोल जायचं ते कळेल. नाहीतर समोरून फ्रेटमधून बाहेर येशील. बॉडीतल्या भोकांतून स्क्रू हाताने ढकलला तरी जायला हवा, तिथे त्याने पकडायचं नाही. त्याने पकडायचं ते फक्त नेकला. दोन्हीकडे पकडलं तर सांधा आवळल्यासारखा वाटतो आणि आत फट राहते.

वाकलेली टाच पाचरीवर बसली की थोडी सरळ होईल. उरलेलं, फ्रेट घासून घेता येईल. बारीक तार कडेवर जात असेल तर स्क्रू अर्धे आवळून नेक हाताने बाजूला ओढ, तारा दोन्ही कडांपासून सारख्या आल्या की मग पुरते आवळ. आलटूनपालटून, तिरपे.

माफीबिफी मागू नकोस. कोणी घातली, कधी घातली, याचा काथ्याकूट आता कशाला? ती पट्टी ओलावा धरते. ताईकडून घे आणि टाकून दे.

मामा

११ एप्रिल

मामा,

पाचर पोचली. काड्या बसवल्या, वाळताहेत.

पट्टी आई देत नाही. तिने तुम्हाला एक प्रश्न विचारायला सांगितलाय. तिचेच शब्द लिहिते: "विचार त्याला, दुकान काढलं तेव्हा पहिली कार्डं छापून आणली होती आणि मला दाखवायला धावत आला होता, त्यांची कड कुठल्या रंगाची होती."

खुंटी

१९ एप्रिल

खुंटी,

हिरव्या रंगाची. आणि दुकानाचा फोन नंबर ४७ ने संपतो, तो अजून तोच आहे. तू दोनदा लावलास, तुझ्या लक्षात आलं नाही. किंवा आलं आणि तू मला वेळ दिलास. ताईचीच मुलगी तू.

आता सरळ लिहितो.

भाऊजी त्या दिवशी दुपारी चार वाजता आले. प्रयोग सातचा. नव्या तारा घातल्यावर त्या फ्रेटांपासून फार उंच राहत होत्या आणि ब्रिज आणखी खाली जात नव्हता. म्हणजे नेकचा कोन बदलायला हवा. बरोबर काम म्हणजे पाचर, जशी तुला पाठवली तशी. तिला तीन तास लागतात: कापा, घासा, बसवून बघा, काढा, पुन्हा घासा. दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातला एक मोठा वादक, पहिल्यांदाच आलेला. भाऊजी म्हणाले, "मेव्हण्या, वेळ नसेल तर राहू दे. मी उंच तारांवर वाजवतो, बोटं दुखतील तेवढीच." मी म्हणालो, "माझ्या दारातून असं वाद्य परत गेलं तर मी दुकानाला कुलूप लावीन." त्या वादकाला ऐकू जाईल असं म्हणालो.

गल्ल्याजवळ कार्डांचा गठ्ठा होता. एक घेतलं, पट्टी कापली, दुमडली, सरकवली. स्क्रू आवळले. पट्टी जाड झाली होती, टाच पुरती टेकेना, म्हणून आणखी आवळले. नेहमीप्रमाणे उजवा कान लाकडाला. भाऊजी म्हणाले, "अरे, कट् असं काहीतरी वाजलं." मी म्हणालो, "लाकडाला कान मी लावलाय की तुम्ही? मला ऐकू आलं नाही, म्हणजे वाजलं नाही." तिघं हसले. भाऊजीही हसले. माझ्या कानावर त्यांचा विश्वास होता.

गाडीत वाद्य होतं ते पंधरा मिनिटं. तीन तास हे मी नंतर केले.

तिसऱ्या गाण्याला दिव्यांच्या उष्णतेत सांधा खाली बसला आणि चारही तारा उतरल्या. गाणारी थांबली. नाट्यगृह थांबलं. दुसऱ्या दिवशी भाऊजी दुकानात आले आणि बेस बाकावर ठेवून एवढंच म्हणाले, "एकदा उघडून बघ." तेव्हाही चार लोक होते. मी म्हणालो, "उन्हात तापवलेलं वाद्य मी उघडत नाही." त्यांनी तो उचलला आणि गेले. बाहेर हीच गोष्ट पसरली. पसरवली मी.

त्यांनी नंतर स्वतः उघडून बघितलं असेल आणि पट्टी काढून टाकली असेल, असं धरून मी एकवीस वर्षं चाललो. म्हणूनच तुला बिनधास्त 'उघड' लिहिलं. त्यांनी उघडलंच नाही. किंवा उघडलं, बघितलं आणि जसंच्या तसं बंद केलं. ते कुठलं, मला कळायचं नाही आता.

याच टपालाने बँडमास्तरांनाही लिहितोय: वाद्य वादकाने बिघडवलं नव्हतं, दुरुस्तीवाल्याने बिघडवलं होतं. दुकानाचं नाव घालून, सहीनिशी. नडली ती घाई, खुंटी. कान माझे चोख होते, घाईने घात केला.

तुला पुन्हा लिहावंसं वाटलं नाही तर मी समजेन.

मामा

४ मे

मामा,

आधी चाचणीचं. सांधा हलला नाही. काड्या वाळल्यावर मी पाचर बसवली, तिरपे आवळले, तारा सुरात लावून पुन्हा पाव फेरा ढिले केले. 'कुर्र' केलं. एकदाच, खालच्या आवाजात. मी चाळीस मिनिटं वाजवलं, दिव्यांखाली, आणि एकदाही खुंटीला हात लावावा लागला नाही.

बँडमास्तरांच्या हातात तुमचं पत्र होतं. मी पोचल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. "एकवीस वर्षं," म्हणाले. मग, "तो प्रत्येक कफल्लक वादकाला स्वतःच्या तारा काढून द्यायचा, तुझा बाप. बस. वाजव." तीन महिन्यांसाठी घेतलंय. पुढचं पुढे.

आईला सांगितलं. तिने चष्म्याची डबी उघडली, पट्टी काढून बाबांच्या फोटोच्या चौकटीत, काचेखाली सरकवली. "हे राहू दे इथे," म्हणाली, "त्यांना काय, हिशेब लागलेला आवडायचा."

आता दुसरं. हे लिहू की नको असं सहा दिवस चाललंय.

मी अठ्ठावीस तारखेला तुमच्या दुकानात आले होते. चाचणीला जाताना वाट वाकडी करून. खरं सांगायचं तर भांडायला. तुम्ही दाराकडे पाठ करून बाकावर काहीतरी घासत होतात. केस पांढरे झालेत. मी हाक मारली: "मामा." मग मोठ्याने. मग तिसऱ्यांदा, रस्त्यावरचा एक माणूस वळून बघेल इतक्या मोठ्याने.

दाराशी विकायला ठेवलेला अ‍ॅम्प्लिफायर चालू होता. मी बेस काढला, वायर जोडली आणि सगळ्यात जाड तार मोकळी सोडली. शोकेसच्या काचा थरथरल्या. तुमच्या समोरच्या डब्यातले स्क्रू नाचले. तुम्ही घासायचं थांबवलंत, तळहात बाकावर टेकवून ठेवलात, आणि मग मान उचलून खिडकीतून बघितलंत, रस्त्यावरून मोठा ट्रक गेला का ते.

मी चार पावलांवर होते.

वायर काढली आणि निघून आले. ज्याच्याशी भांडायचं, त्याला निदान ऐकू तरी यायला हवं.

लहानपणी मी तुला अरे-तुरे करायचे. आता तसंच विचारते, आणि रागाने नाही. मामा, त्या दुपारी तुला किती ऐकू येत होतं?

खुंटी

१० मे

खुंटी,

ट्रक नव्हता तर.

डावा गेला त्याला तीन वर्षं झाली. दुकान चालतं ते हातांवर; तळहात लाकडाला लावला की पुष्कळ कळतं, आणि गिऱ्हाइकांच्या ओठांवरून उरलेलं. रस्त्यापलीकडचं मी गेली कित्येक वर्षं वादकाचा चेहरा बघून सांगत आलोय.

पण तू त्या दुपारचं विचारलंस. तेव्हा डाव्याने मला सगळं ऐकू यायचं. भाऊजी बोलले ते, तिघं हसले ते. फक्त माझा बाक भिंतीला लागून आहे, आणि आवळताना वाकलं की लाकडाला टेकतो तो उजवा. डावा लावायचा तर वळून पलीकडे जावं लागलं असतं, आणि समोरच्या तिघांतल्या एकाने तरी विचारलं असतं, आज बाजू का बदललीत? म्हणून बदलली नाही.

उजव्या कानाने मला त्याआधी दोन वर्षांपासून काही ऐकू येत नव्हतं.

मामा